‘खुर्ची’ : व्युत्पत्ती आणि व्याकरण

१

‘खुर्ची’ या शब्दाची व्युत्पत्ती देताना ‘अरबी कुर्सी’ एवढे सांगून थांबण्याचा प्रघात आहे. हे विधान खोटे नाही. परंतु ते अपुरे आहे, आणि त्याच्या अपुरेपणातून मराठीच्या भाषाविचारात एक गैरसमज दीर्घकाळ पोसला गेला आहे. शब्द ज्या भाषेतून आला त्या भाषेचे नाव सांगितले की शब्दाचा उगम कळला, आणि उगम कळला की तो आपला की परका हेही ठरले, असा हा गैरसमज होय. ‘कुर्सी’चा ‘क’ मराठीत ‘ख’ का झाला, ‘स’चा ‘च’ कोणत्या वाटेने झाला, अरबीत पुल्लिंगी असलेला शब्द मराठीत स्त्रीलिंगी का झाला, त्याचे अनेकवचन ‘खुर्च्या’ असे का होते, यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर त्या दोन शब्दांच्या नोंदीत नाही. शब्दाचा मराठीतील इतिहास मात्र या प्रश्नांच्या उत्तरांतच सामावलेला आहे.

हा प्रश्न केवळ एका शब्दाचा नाही. मोल्सवर्थच्या कोशाने (१८३१, दुसरी आवृत्ती १८५७) शब्दांपुढे मूळ भाषेची आद्याक्षरे देण्याची रीत मराठीत रुजविली. माधवराव पटवर्धनांचा ‘फार्शी-मराठी कोश’ (१९२५), दाते-कर्वे यांचा ‘महाराष्ट्र शब्दकोश’ (१९३२–३८) आणि कृ. पां. कुलकर्णी यांचा ‘मराठी व्युत्पत्तिकोश’ (१९४६) या ग्रंथांनी ती सामग्री पुष्कळच वाढविली. या कोशकारांचे ऋण मोठे आहे. तथापि आद्याक्षर हे खूण म्हणून दिलेले असते, निवाडा म्हणून नव्हे, याचे भान वाचकांना आणि कित्येकदा अभ्यासकांनाही राहत नाही. ‘खुर्ची’सारखा घरोघरचा शब्द तपासला असता हा भेद स्पष्ट होतो.

२

प्रथम ‘अरबी’ या निर्देशाचाच विचार करणे युक्त ठरेल. ‘कुर्सी’ हा शब्द कुराणात आला आहे आणि तेथे तो ईश्वराच्या आसनासाठी योजिला आहे. दुसऱ्या अध्यायातील ज्या आयतीत तो येतो ती आयत याच शब्दावरून ओळखली जाते. परंतु अरबीतही तो बाहेरूनच आलेला आहे. त्याचे निकटचे मूळ आरमाइक भाषेतील ‘कुर्सेया’ या रूपात आहे. बायबलच्या जुन्या करारातील दानिएलच्या ग्रंथाचा जो भाग आरमाइक भाषेत आहे, त्यातही हा शब्द सिंहासन या अर्थी येतो. हिब्रूत याच शब्दाचे रूप ‘किस्से’ असे असून अक्कदीत ते ‘कुस्सू’ असे आहे. हिब्रू व अक्कदी या दोन्ही रूपांत ‘स’चे द्वित्त आहे, ‘र’ नाही. आरमाइकमध्ये द्वित्तातील पहिल्या ‘स’च्या जागी ‘र’ आला. दोन सारख्या व्यंजनांपैकी एक बदलून घेण्याची ही प्रवृत्ती विषमीकरण या नावाने प्रसिद्ध आहे. म्हणजे ‘खुर्ची’तील रेफ हा अरबी नाही, तो आरमाइक आहे. अक्कदीतील ‘कुस्सू’ तरी मूळचा म्हणावा, तर त्याचाही संबंध सुमेरीतील ‘गुझा’ या आसनवाचक शब्दाशी जोडला जातो, आणि सुमेरी ही सेमिटिक कुळातील भाषाच नव्हे.

तात्पर्य, ‘अरबी’ हे या शब्दाच्या प्रवासातील एका मुक्कामाचे नाव आहे. मूळ शोधीत मागे जावे तो प्रत्येक भाषेत हा शब्द पाहुणाच ठरतो. वंशावरून शब्दाचे स्वत्व ठरवावयाचे झाल्यास अरबीलाही तो आपला म्हणता येणार नाही.

पुढचा मुक्काम फारसीचा. भारतात हा शब्द फारसीच्या द्वारे आला, आणि फारसीला व्याकरणिक लिंग नसल्यामुळे अरबीतील त्याचे पुल्लिंग या मुक्कामावरच गळून पडले. अर्थाच्या दृष्टीने एक गोष्ट येथे नोंदवण्यासारखी आहे. आज इराणमध्ये खुर्चीला ‘संदली’ म्हणतात. ‘कुर्सी’ हा शब्द तेथे प्रामुख्याने हिवाळ्यात ऊब घेण्यासाठी वापरावयाच्या बैठ्या मेजाला लावला जातो. या मेजाखाली विस्तव ठेवतात, वर मोठी रजई पसरतात आणि घरातील माणसे तिच्यात पाय घालून भोवती बसतात. उर्दूत ‘कुर्सी’ म्हणजे इमारतीचे जोतेही होय, आणि ‘कुर्सीनामा’ म्हणजे वंशावळ. यांपैकी मराठीने ‘खुर्ची’ या रूपाबरोबर एकच अर्थ घेतला : पाठ टेकून एका माणसाने बसावयाचे उंच आसन. भाषा शब्द उसना घेते तेव्हा तो सगळाच्या सगळा कधीच घेत नाही.

३

आता ध्वनींकडे वळावे. ‘कुर्सी’ ते ‘खुर्ची’ या अंतरात तीन बदल आहेत, आणि तिन्ही सारख्या बळाचे नाहीत. ते एकत्र मिसळल्यामुळेच हा शब्द ‘अपभ्रष्ट’ झाला असे ढोबळ विधान केले जाते.

पहिला बदल ‘सी’चा ‘शी’ होण्याचा. हा मराठीचा अत्यंत नियमित बदल आहे. इ, ई या स्वरांपूर्वी आणि यकारापूर्वी मराठीत दंत्य ‘स’ टिकत नाही, तो तालव्य ‘श’ होतो. ‘म्हैस’ पण ‘म्हशी’, ‘मासा’ पण ‘माशाला’, ‘घसा’ पण ‘घशात’, ‘ससा’ पण ‘सशाला’ ही नित्याची रूपे आहेत. शेवटच्या तीन रूपांत आज न दिसणारा यकार एके काळी होता. फारसी-अरबी शब्द मराठीत आले तेव्हा त्यांनाही हाच नियम लागला. ‘सिपाही’चा ‘शिपाई’, ‘सियाही’ची ‘शाई’, ‘सिक्का’चा ‘शिक्का’, ‘सिवा’वरून ‘शिवाय’ ही उदाहरणे सर्वपरिचित आहेत. ‘सिफारिश’ हे उदाहरण तर विशेष बोधप्रद आहे. त्याचे मराठीत ‘शिफारस’ झाले : आरंभीचा ‘स’ इकारापूर्वी असल्याने ‘श’ झाला आणि अखेरचा ‘श’ इकाराच्या प्रभावाबाहेर पडल्याने ‘स’ झाला. दोन्ही ऊष्म व्यंजनांनी जागा बदलल्या. त्या मराठीने आपल्या सोयीने बदलून घेतल्या, मूळ उच्चार न साधल्यामुळे चुकून नव्हे.

या नियमातून सुटले आहेत ते संस्कृतातून जसेच्या तसे घेतलेले शब्द. ‘सीमा’, ‘सिद्धी’, ‘सिंधू’ यांतील ‘स’ अबाधित आहे. म्हणजे ‘शिपाई’ हा शब्द मराठीचा ध्वनिनियम पाळतो, आणि ‘सीमा’ हा पाळीत नाही. वंशाने जवळचा कोण आणि वर्तनाने जवळचा कोण, हा भेद येथे प्रथम दृष्टीस पडतो. इंग्रजीतून आलेले ‘सिनेमा’, ‘सिमेंट’ हे शब्दही शिष्ट मराठीत ‘स’ राखून आहेत. तेव्हा ज्या परकी शब्दांत ‘सी’चा ‘शी’ झाला ते नियम शिष्ट भाषेतही जिवंत असतानाच मराठीत आले, असे अनुमान निघते. ‘खुर्ची’ त्या जुन्या थरातील आहे.

दुसरा बदल आरंभीच्या ‘क’चा ‘ख’ होण्याचा. हा नियम नव्हे, प्रवृत्ती आहे. परंतु ती जुनी आहे. ‘कुब्ज’वरून ‘खुजा’, ‘कर्पर’वरून ‘खापर’, ‘कील’वरून ‘खीळ’ हे मराठी शब्द प्रसिद्ध आहेत, आणि या तिन्ही संस्कृत शब्दांतील ‘क’चा ‘ख’ होतो हे बाराव्या शतकात हेमचंद्राने आपल्या प्राकृत व्याकरणात एकाच सूत्रात नोंदविले आहे. फारसी शब्दांत याला जोड मिळते ती ‘कीसा’वरून आलेल्या ‘खिसा’ या शब्दाची. ‘खिसा’ आणि ‘खुर्ची’ या दोहोंचेही मूळ रूप पाहिले तर आद्य ‘क’नंतर पुढे ‘स’ आहे. संस्कृत ‘कास’ आणि हिंदी ‘खाँसी’ यांतही तोच क्रम आहे. पुढे ऊष्म व्यंजन असता आद्य ‘क’ महाप्राण होण्याकडे झुकतो असे यावरून म्हणता येईल. परंतु ‘कसर’, ‘कुस्ती’ हे शब्द त्याच परिस्थितीत ‘क’ राखून आहेत, म्हणून याला नियमाची प्रतिष्ठा देता येणार नाही.

येथे एका मोहक व्युत्पत्तीचा परामर्श घेणे अवश्य आहे. संस्कृतात ‘खुर’ हा शब्द जनावराच्या खुराप्रमाणेच पलंगाच्या पायाच्या एका भागालाही लावला जातो. तेव्हा चार पायांची ती ‘खुर्ची’, असा संबंध जोडणे अगदी सोपे आहे. परंतु असे मानल्यास उरलेल्या ‘ची’चा खुलासा होत नाही, आणि शेजारच्या भाषांतील ‘कुर्सी’, ‘कुर्ची’ ही अल्पप्राण रूपे निराधार राहतात. ‘कपाट’ आणि इंग्रजी ‘कबर्ड’ यांचे ध्वनिसाम्य पुढे करून एक दुसऱ्यापासून निघाला असे जे कधी कधी ऐकू येते, त्यातलाच हा प्रकार होय. ‘कपाट’ हा शब्द शुद्ध संस्कृत आहे आणि त्याचा संस्कृतातील अर्थ दाराची फळी असा आहे. उत्तरेत देवळाचे ‘कपाट’ उघडले असे म्हणतात ते या अर्थाने. मराठीने रूप जसेच्या तसे ठेवून अर्थ पार बदलला. ध्वनिसाम्य हा व्युत्पत्तीचा आरंभ असू शकेल, पुरावा असू शकत नाही.

तिसरा बदल ‘शी’चा ‘ची’ होण्याचा, आणि हाच सर्वांत अवघड आहे. रेफानंतरच्या ‘श’चा ‘च’ होणे मराठीत नियमित नाही. तसे असते तर ‘फर्श’वरून आलेली ‘फरशी’ ही ‘फर्ची’ झाली असती. मराठीतील ‘घरची’, ‘वरची’, ‘समोरची’, ‘मिरची’ अशा शब्दांमुळे ‘र’नंतर ‘ची’ हा क्रम जिभेच्या फार सवयीचा आहे आणि त्याने या बदलाला हातभार लावला असणे शक्य आहे. परंतु ‘फरशी’लाही ही सवय उपलब्ध होती. म्हणून या ठिकाणी मराठीच्या सीमेबाहेर पाहणे भाग पडते. गुजरातीत या शब्दाचे रूप ‘खुरशी’ असे आहे. तेथे ‘ख’ आहे, ‘च’ नाही. कन्नडात ‘कुर्ची’ आणि तेलुगूत ‘कुर्ची’ अशी रूपे आहेत. तेथे ‘च’ आहे, ‘ख’ नाही. हिंदीत दोन्ही नाहीत. पश्चिमेकडील महाप्राण आणि दक्षिणेकडील चकार ही दोन्ही लक्षणे एकत्र आली आहेत ती मराठीत. हा योगायोग मानण्याचे कारण नाही. मराठी ही भूगोलाने गुजराती आणि कन्नड-तेलुगू यांच्या मध्ये आहे, आणि या एका शब्दाच्या अंगावर तिच्या त्या स्थानाची खूण उमटली आहे. ‘अरबी कुर्सी’ या नोंदीत सिंधुसागरापलीकडचे मूळ सापडते; सोलापूर-बेळगावकडचा आणि सुरत-नवसारीकडचा शेजार सापडत नाही.

याच किनाऱ्यावर थोडे दक्षिणेस गेले की चित्र पालटते. गोव्यातील कोकणीत खुर्चीला ‘कदेल’ म्हणतात. हा पोर्तुगीज ‘कादेइरा’ या शब्दाचा वंशज असून तो लॅटिनच्या द्वारे ग्रीक ‘कथेद्रा’पर्यंत जाऊन पोचतो. वस्तू एकच, परंतु एका प्रदेशात तिचे नाव फारसीच्या वाटेने आले आणि शेजारच्या प्रदेशात पोर्तुगिजांच्या. शब्दाचा इतिहास हा राजवटींचाही इतिहास असतो, हे वचन येथे अक्षरशः खरे ठरते.

४

ध्वनींपेक्षाही व्याकरणाची साक्ष अधिक निर्णायक आहे. शब्द उच्चाराने जवळ आला तरी तो दाराशी उभा असू शकतो. विभक्ती आणि वचन यांच्या व्यवस्थेत शिरला की तो घरात आला.

‘खुर्ची’ने मराठीत स्त्रीलिंग घेतले ते तिच्या ईकारामुळे. ‘काठी’, ‘पाटी’, ‘वाटी’ या निर्जीव वस्तूंच्या नामांच्या ओळीत ती सहज बसली. ‘शिपाई’ हा शब्दही ईकारान्त आहे, परंतु तो पुरुषवाचक असल्याने पुल्लिंगी राहिला. म्हणजे लिंग ठरवताना मराठीने प्रथम अर्थ पाहिला आणि मग अंत्य स्वर. ‘डबा-डबी’, ‘गाडा-गाडी’ अशा जोड्यांत ईकार लहानपणा दाखवितो, तसा तो ‘खुर्ची’त दाखवीत नाही, कारण येथे ईकार प्रत्यय नसून शब्दाच्या मूळ अंगाचाच भाग आहे.

अनेकवचनाचा प्रश्न याहून महत्त्वाचा आहे. अरबीत ‘कुर्सी’चे अनेकवचन ‘करासी’ असे होते. मराठीने ते घेतले नाही. काही अरबी शब्दांची अनेकवचने मराठीत आली आहेत, पण ती एकवचन म्हणून : ‘हाल’चे अनेकवचन ‘अहवाल’ आणि ‘अमीर’चे अनेकवचन ‘उमरा’, ज्यावरून मराठी ‘उमराव’. आज ‘अहवाल सादर झाला’ असे लिहिताना ते मुळात अनेकवचन आहे याची कोणास शंकाही येत नाही. ‘खुर्ची’च्या बाबतीत मराठीने एकवचन घेतले आणि अनेकवचन स्वतः घडविले : ‘खुर्च्या’, सामान्यरूप ‘खुर्च्यां-’, आणि त्यावरून ‘खुर्च्यांना’, ‘खुर्च्यांवर’. ‘काठी-काठ्या’, ‘नदी-नद्या’ यांचा हाच साचा. ‘नोकरी-नोकऱ्या’, ‘फरशी-फरश्या’ हे फारसीमार्गे आलेले शब्द, आणि ‘कंपनी-कंपन्या’, ‘बॅटरी-बॅटऱ्या’ हे इंग्रजीतून आलेले शब्द याच साच्यात पडले.

आता याच्या शेजारी संस्कृतातील मूळच्या ऱ्हस्व इकारान्त नामांची रूपे ठेवावीत. ‘कृती’चे अनेकवचन ‘कृती’, ‘शक्ती’चे ‘शक्ती’, ‘व्यक्ती’चे ‘व्यक्ती’. ‘कृत्या’, ‘शक्त्या’ अशी रूपे शिष्ट मराठीत होत नाहीत. १९६२ च्या लेखननियमांनी या शब्दांचा अंत्य स्वर दीर्घ लिहिण्यास सांगितले, तरी त्यांचे अनेकवचन जुन्याच वळणाने चालू राहिले. म्हणजे या शब्दांना मराठीने मान दिला, पण आपल्या साच्यात घातले नाही. ‘समिती’ हा शब्द मात्र रोजच्या कारभारात रुळला आणि त्याचे ‘समित्या’ झाले. वापराने तो ‘खुर्च्यां’च्या पंक्तीस येऊन बसला. यावरून निघणारा निष्कर्ष टाळता येण्यासारखा नाही : शब्द मराठीच्या व्याकरणात किती खोल गेला हे त्याच्या वंशावरून ठरत नाही, वापरावरून ठरते.

विभक्तिप्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये यांच्या निवडीतही हे दिसून येते. ‘पाटावर बसणे’, ‘पलंगावर बसणे’, ‘स्टुलावर बसणे’ असेच प्रयोग होतात. ‘पाटात’ किंवा ‘स्टुलात’ कोणी बसत नाही. ‘खुर्ची’ला मात्र ‘खुर्चीवर बसणे’ आणि ‘खुर्चीत बसणे’ असे दोन्ही प्रयोग चालतात. ‘आरामखुर्चीत’ हे रूप तर ‘आरामखुर्चीवर’पेक्षा अधिक स्वाभाविक वाटते. पाठ आणि हात असलेले आसन बसणाऱ्यास तिन्ही बाजूंनी वेढते, म्हणून त्याला आधार न मानता अवकाश मानून ‘-त’ प्रत्यय लागतो. उभे राहावयाचे असेल तर ‘खुर्चीवर उभा राहिला’ असेच म्हणावे लागते, कारण त्या क्षणी खुर्चीचा केवळ पृष्ठभाग उरतो. पाहुण्या म्हणून आलेल्या शब्दाने मराठीच्या स्थलवाचक व्यवस्थेत असा सूक्ष्म भेद निर्माण करावा, हे त्याच्या आत्मसात झाल्याचे पुरेसे गमक आहे.

५

अर्थाच्या क्षेत्रातही ‘खुर्ची’ने आपली जागा स्वतः मिळवली. सत्ता या अर्थाने मराठीत आसनवाचक शब्द पूर्वीपासून आहेत. ‘गादी’ ही वारशाने मिळते : सातारची गादी, मठाची गादी. ‘तख्त’ हे पातशाहीचे. ‘खुर्ची’ ही नेमणुकीने किंवा निवडणुकीने मिळते आणि म्हणूनच ती जाते. ‘खुर्चीला चिकटणे’, ‘खुर्ची सोडणे’, ‘खुर्चीचा मोह’ हे प्रयोग ‘गादी’च्या बाबतीत संभवत नाहीत; गादीला कोणी चिकटत नाही, कारण तेथून उठावे लागेल अशी अपेक्षाच नसते. कचेरीच्या आणि लोकनियुक्त सत्तेच्या युगाला जो शब्द हवा होता तो ‘खुर्ची’ने पुरवला. कुराणातील ‘कुर्सी’लाही अधिकाराची छटा आहे, म्हणून मराठीतील हा अर्थ तेथून आला असे म्हणणे मात्र आततायीपणाचे होईल. कचेरीत साहेब खुर्चीवर आणि इतर उभे, ही वस्तुस्थितीच या लक्षणेला पुरेशी आहे.

विद्यापीठांनी संशोधनपदासाठी ‘अध्यासन’ हा संस्कृत शब्द योजिला, ‘खुर्ची’ नव्हे, हेही लक्षणीय आहे. प्रतिष्ठेच्या पदासाठी संस्कृत आणि उपहासाच्या सत्तेसाठी फारसी-मराठी, अशी ही वाटणी आहे. ‘अध्यासना’चा कोणास मोह झाला तरी तो सांगताना मराठी माणूस ‘खुर्ची’चाच मोह म्हणेल.

६

या पार्श्वभूमीवर भाषाशुद्धीच्या विचाराकडे पाहावे लागते. शिवाजी महाराजांच्या आज्ञेने १६७७ च्या सुमारास सिद्ध झालेला ‘राज्यव्यवहारकोश’ हा कारभाराच्या भाषेपुरता होता. राजसत्तेची परिभाषा बदलणे हा राजसत्तेचा अधिकार आहे, आणि त्या कोशामागील राजकीय हेतू यथार्थ होता. विसाव्या शतकात सावरकरांनी चालविलेल्या चळवळीनेही ‘महापौर’सारखे काही टिकाऊ शब्द मराठीला दिले. ‘फार्शी-मराठी कोश’ रचणारे माधवराव पटवर्धन पुढे ‘भाषाशुद्धि-विवेक’ (१९३८) लिहितात, यात विसंगती असली तरी अप्रामाणिकपणा नाही. जेथे जुना शब्द जिवंत असून उसन्या शब्दाने त्याला हुसकावले, तेथे शुद्धीच्या आग्रहाला अर्थ आहे.

परंतु या विचाराची कसोटी वंशाची आहे, आणि ती ‘खुर्ची’पाशी लटकी पडते. ‘आसन’ हा शब्द पाटालाही लागतो, दर्भाच्या चटईलाही लागतो आणि योगातील स्थितीलाही लागतो. ‘खुर्ची’ने जी नेमकी वस्तू दाखवली ती दाखवणारा जुना मराठी शब्द नव्हता, कारण बैठकीच्या घरात ती वस्तूच नव्हती. येथे कोणाचेही स्थान हिरावले गेलेले नाही.

म्हणून व्युत्पत्तिकोशातील नोंदीने तीन गोष्टी सांगितल्या पाहिजेत : शब्द कोठून निघाला, कोणत्या भाषांच्या शेजारातून त्याचे रूप घडले, आणि मराठीच्या कोणत्या व्याकरणिक वर्गात तो स्थिर झाला. पहिल्या गोष्टीने शब्दाचे कूळ कळते, उरलेल्या दोहोंनी त्याचे मराठीपण. ज्यूल ब्लॉखने मराठीच्या रचनेचा जो इतिहास लिहिला (मराठी अनुवाद १९४१), त्याची दृष्टी मुख्यतः वारशाने आलेल्या शब्दांवर होती आणि त्या कार्याच्या स्वरूपाला ते साजेसेच होते. उसन्या शब्दांचा मराठीतील इतिहास त्याच काटेकोरपणाने लिहावयाचा तर त्यासाठी ‘शिफारस’, ‘खिसा’, ‘अहवाल’, ‘फरशी’ असे रोजचे शब्द एकेक घेऊन गुजराती, कन्नड, तेलुगू आणि कोकणी रूपांशी ताडून पाहावे लागतील. प्रबंधाचा विषय शोधणाऱ्या विद्यार्थ्याला त्यासाठी दूर जाण्याचे कारण नाही; ज्या वस्तूवर बसून तो विचार करीत असेल तिच्या नावापासून त्यास आरंभ करता येईल.